लॉगबुकातलं 'असिस्टेड' : सर्जिकल प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात राहून काम करत शिकण्याची, पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये रुजली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ब्रिटिश वळणाची हाउसमन-रजिस्ट्रार, म्हणजे कनिष्ठ आणि वरिष्ठ शिकाऊ डॉक्टरांची, पद्धत होती. ओपन, म्हणजे चीर देऊन केलेल्या, हर्नियाला ती पुरायची, कारण सुई चुकीच्या थरात जायला लागली की समोरचा वरिष्ठ शिकाऊचा हातच धरून वळवायचा.

१९९० मध्ये देशातली पहिली लॅपरोस्कोपिक (दुर्बिणीतून केलेली) पित्ताशयाची शस्त्रक्रिया मुंबईतच झाली, आणि ही सोय गेली. पोर्ट, म्हणजे उपकरण आत घालायची पोटावरची नळी, टेकूसारखा वागतो, म्हणजे हात डावीकडे नेला की उपकरणाचं टोक उजवीकडे जातं. पडद्यावर खोली कळत नाही. वरिष्ठाला इथे हात वळवता येत नाही, फार तर उपकरण काढून घेता येतं. शिकाऊकडे उरतो कॅमेरा.

'असिस्टेड', म्हणजे शस्त्रक्रियेत मदत केली, या शब्दाचा घोळ इथून वाढला. पदव्युत्तर शिक्षणाच्या २००० च्या नियमावलीत लॉगबुक, म्हणजे शिकाऊच्या कामाची नोंदवही, होतं. असिस्ट केलेल्या आणि स्वतंत्रपणे केलेल्या शस्त्रक्रिया त्यात नोंदवायच्या. पण तासभर कॅमेरा धरणारा, फंडस (पित्ताशयाचं टोक) वर खेचून धरणारा आणि कॅलोट त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी असलेली जागा) स्वतः मोकळा करून फक्त क्लिप लावताना बाजूला झालेला, हे तिघेही 'असिस्टेड'च. पुढे अनेक विभागांनी चार रकाने केले : पाहिली, असिस्ट केली, वरिष्ठाच्या मदतीने केली, स्वतंत्र केली. तरी 'मदतीने' म्हणजे किती मदत, हा प्रश्न उरलाच. शिवाय परीक्षा तोंडावर आली की रकाने एका बैठकीत भरले जातात, हे उघड गुपित आहे.

अमेरिकेत २००४ पासून बॉक्स ट्रेनरवरच्या, म्हणजे सरावाच्या खोक्यात करायच्या, पाच कामांची प्रमाणित परीक्षा आहे. पहिल्या कामात सहा रिंगा एकेक करून कमी सरावाच्या हातातल्या ग्रास्परने (चिमट्याने) उचलायच्या, अधांतरी दुसऱ्या हातात द्यायच्या, पलीकडच्या खुंटीवर बसवायच्या आणि तशाच उलट परत आणायच्या. मर्यादा ३०० सेकंदांची. रिंग कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर पडली की गुण गेले. दुसऱ्या एका कामात खोक्याच्या आतच उपकरणांनी गाठ मारायची असते : पहिला फेरा दुहेरी, मग दोन एकेरी, आणि दर फेऱ्याला हात बदलायचा. हात बदलला नाही तर गाठ सरकते, आणि ते ताण दिल्यावरच कळतं.

आपल्याकडे २०२३ च्या नियमावलीतही भर क्षमतेवर आहे, पण बॉक्स ट्रेनर बऱ्याच ठिकाणी कुलपात असतो. किल्लीवाला संध्याकाळी पाचला घरी, रेसिडेंट तेव्हा ओटीत (शस्त्रक्रियागृहात). लॉगबुकातला घोळ मिटावा म्हणून आता केसऐवजी पायरी नोंदवायची मागणी आहे : पोर्ट कोणी घातले, त्रिकोण कोणी मोकळा केला, क्लिप कोणी लावल्या, यकृतापासून पित्ताशय कोणी सोडवलं. आणि सही त्याच दिवशी, ओटीतच.