रडार डिटेक्टरच्या पोटावरचे नंबर आले कुठून

दिवाळीत भाचा अमेरिकेहून इंदूरला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून तळहातावर मावेल अशी एक काळी डबी निघाली. तिकडे कुणाच्या तरी अंगणात जुन्या सामानाची विक्री लागली होती, तिथून उचललेला रडार डिटेक्टर. पोलिसांच्या स्पीड गनची लहर आली की टिवटिव करून गाडीवाल्याला सावध करणारं यंत्र. "मामा, हे नेमकं कधीचं आहे? मॉडेलचं नाव टाकलं की नेटवर एकाच डबीचे चार प्रकार दिसतात," तो म्हणाला. माझी सगळी नोकरी पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात झाली, त्यामुळे नंबर म्हटला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

डबी उलटी केली. पोटावर दोन पेरं लांबीचा स्टिकर, उन्हाने पिवळा पडून कडेला सुरकुतलेला. त्यावर चार गोष्टी: सीरियल नंबर, 'एफसीसी आयडी', 'आयसी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ, आणि कोपऱ्यात एकटंच अक्षर, 'सी'. भाच्याला वाटत होतं की हा सगळा मिळून एकच लांबलचक नंबर आहे. तसं नाही. या चार ओळी चार वेगवेगळ्या कारणांनी तिथे आल्या, आणि त्यांचा जन्म एका वेळचा नाही.

वेग मोजायला रडार वापरण्याची सुरुवात अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी गावात झाली, 1947 च्या सुमारास. डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 साली मांडलेलं तत्त्वच तिथे कामाला लावलं होतं: समोरून येणाऱ्या वस्तूवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता वाढते, आणि किती वाढली त्यावरून वेग कळतो. ते पहिलं यंत्र 2.455 गिगाहर्ट्झवर चालायचं (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज कंपनं). पुढे पोलीस एक्स बँड या वारंवारतेच्या पट्ट्यावर गेले, म्हणजे 10.525 गिगाहर्ट्झ. मग 24 च्या आसपासचा के बँड आला, आणि नंतर 33.4 ते 36 मधला केए बँड. पोलिसांनी घर बदललं की डिटेक्टरवाल्यांना नवा कान लावावा लागे. एकाच नावाच्या यंत्राच्या पोटात वेगवेगळे सर्किट बोर्ड निघण्याचं पहिलं कारण हेच.

डिटेक्टर स्वतः साठच्या दशकात आला. ओहायोतल्या डेल स्मिथ यांचा 'फझबस्टर' हा बाजारात नाव कमावलेला पहिला. 1974 मध्ये तेलटंचाईपायी अमेरिकेने देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली. मोकळ्या रस्त्यावर सरळ रेषेत आठ-आठ तास गाडी हाकणाऱ्यांना ती काचली, आणि या डब्यांचा धंदा फोफावला. सुरुवातीचे डिटेक्टर साधे होते. एक अँटेना, एक डायोड, लहर आली की दिवा. जवळ येईपर्यंत त्यांना काही कळत नसे.

1978 साली सिनसिनाटी मायक्रोवेव्ह या कंपनीने 'एस्कॉर्ट' आणला आणि खेळ बदलला. त्यात सुपरहेटेरोडाइन पद्धत होती, म्हणजे आपल्या घरच्या रेडिओत असते तीच. यंत्र आपल्या आत एक लहर तयार करतं, बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळतं आणि दोन्हींच्या फरकावर काम करतं. यात एक गंमत आहे. आतली लहर साडेअकरा गिगाहर्ट्झच्या आसपास ठेवली तर एक्स बँड तिच्यापासून साधारण एका गिगाहर्ट्झवर येतो. तिची दुप्पट केली की 23, के बँड तिथून जवळ. तिप्पट केली की साडेचौतीस, म्हणजे थेट केए बँडात. लहर तयार करणाऱ्या एकाच भागावर, म्हणजे ऑसिलेटरवर, तीन बँड! हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

पण ती आतली लहर थोडी बाहेरही गळते. तिच्या मागावर पोलीस गेले. डिटेक्टर वापरायला जिथे बंदी होती तिथे, म्हणजे व्हर्जिनियात वगैरे, डिटेक्टर शोधणारा डिटेक्टर त्यांच्या हातात आला. 'व्हीजी-टू' नावाचं हे यंत्र ही गळतीच हुंगायचं. त्याला चुकवायला कंपन्यांनी बोर्ड पुन्हा बदलले. उंदीर-मांजराच्या या खेळात बाहेरची डबी तीच राहिली, आतला माल फिरत गेला. 1992 मध्ये आलेला 'व्हॅलेंटाइन वन' याचा नमुना आहे. बाहेरचं रूप जवळपास तेच ठेवून त्याची आतली रचना कितीदा तरी सुधारली गेली. पुढची पिढी थेट 2020 मध्ये आली. जुनं यंत्र कारखान्यात पाठवून सुधारून घ्यायची सोयही कंपनीने ठेवली होती. अशा वेळी नुसतं नाव सांगून काय कळणार? सीरियल नंबर सांगितला तरच समोरच्याला कळतं की हा कुठल्या बोर्डाचा आणि त्यात काय बसू शकतं.

एफसीसी आयडीची कथा मात्र पेट्रोल पंपावर सुरू होते. तिकडच्या पंपांवर कार्ड घासलं की व्यवहार छतावरच्या छोट्या उपग्रह तबकडीतून जायचा. ही तबकडी 11.7 ते 12.2 गिगाहर्ट्झवर ऐकते, आणि काही डिटेक्टरांची गळती सरकत सरकत नेमकी याच पट्ट्यात यायची. पंपाशेजारून डिटेक्टरवाली गाडी गेली की तबकडीच्या कानात गोंगाट. तोवर इतक्या वरच्या वारंवारतेवर काय गळतं हे डिटेक्टरांच्या बाबतीत कुणी बघत नव्हतं. तक्रारी वाढल्या आणि जुलै 2002 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, या पट्ट्यातल्या गळतीला मर्यादा घातली आणि डिटेक्टरांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं. त्या प्रमाणपत्राचा नंबर म्हणजे एफसीसी आयडी. त्यातली पहिली तीन अक्षरं कंपनीची, पुढचा भाग कंपनीने त्या उत्पादनाला दिलेला. 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्या कंपन्यांना तीनऐवजी पाच अक्षरांचा कोड मिळतो आणि तो आकड्याने सुरू होतो. आयोगाच्या नोंदीत हा आयडी घातला की चाचणीचा अहवाल आणि बरेचदा आतले फोटोसुद्धा बघायला मिळतात.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की हा आयडी त्या एका डबीचा नसतो, त्या रचनेचा असतो. लाखभर डब्यांवर एकच. नव्या डिटेक्टरांवर कधी कधी दोन आयडी दिसतात, त्यातल्या एकाच्या आधी 'कंटेन्स' असं छापलेलं. तो आतल्या तयार ब्लूटूथ मॉड्यूलचा असतो, डिटेक्टरचा नव्हे. पुष्कळ जण तोच टाकून बघतात आणि भलत्याच कंपनीचं नाव आलं की माल बनावट समजतात.

'आयसी'ची ओळ कॅनडाची. मौज म्हणजे तिथल्या बहुतेक प्रांतांत डिटेक्टर लावून गाडी चालवायला बंदी आहे. हा नंबर रेडिओ गोंगाटाच्या नियमापुरता. रस्त्यावर चालेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. नवी गाडी आरटीओत नोंदवताना चेसिसवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल फिरवतात आणि ठोकलेला नंबर पांढरा उमटतो, हे पाहिलेले लोक इंदुरात गल्लोगल्ली आहेत. तो सतरा अक्षरांचा नंबर आयएसओ 3779 या 1977 च्या मानकातून आला. अमेरिकेने 1981 पासून तो सक्तीचा केला. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. एम-ए-3 ने सुरू झाला तर मारुती, एम-ए-टी असेल तर टाटा. रडार डिटेक्टरच्या सीरियल नंबरला असं कुठलंही जागतिक मानक नाही. प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा. एकाच्या नंबरात साल लपलेलं असतं, तर दुसऱ्याचा नुसता वाढत जातो. म्हणून 'सीरियल नंबरवरून साल काढा' असं सरसकट सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि घरात येणाऱ्या लहरीची नोंद ठेवणंही आपल्याला नवं नव्हतं. 1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायला मनाई होती. यंत्र बोलणारं आहे की नुसतं ऐकणारं, त्याने फरक पडत नसे. म्हणून तर साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे, तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. आमच्या रामबागेतल्या घरी आजोबांचं ते परवान्याचं पुस्तक आहे. त्यात सेटचा मेक, खाली शाईने लिहिलेला सेटचा नंबर, आणि दर वर्षाचा पोस्टाचा शिक्का. भाच्याला ते दाखवलं तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की ही डबी इथे गाडीच्या काचेला लावून मिरवायची वस्तू नव्हे.

राहिला कोपऱ्यातला 'सी'. त्यासाठी चार स्क्रू काढले. आत हिरवा बोर्ड, एका टोकाला कर्ण्यासारखी छोटी अँटेना, आणि बोर्डाच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत तोच 'रेव्ह सी'. म्हणजे ही बोर्डाची आवृत्ती. सुरू केल्यावर पडद्यावर धावतो तो सॉफ्टवेअरचा नंबर वेगळा. तो बदलता येतो, पण बोर्डावरचं अक्षर बदलत नाही. सुधारणा मागताना दोन्ही सांगायचे असतात. याचं महत्त्व आता जास्त आहे, कारण नव्या गाड्यांच्या बंपरमधल्या 'बाजूला कोणी आहे का' सांगणाऱ्या सेन्सरांपैकी कित्येक 24 गिगाहर्ट्झवरच चालतात. जुन्या बोर्डाला ते पोलीसच वाटतात आणि तो सारखा कोकलत राहतो.

बोर्डावरच्या काळ्या चिपांवर भिंगाने पाहिलं. चिपेवर बरेचदा चार आकडे असतात, पहिले दोन सालाचे, पुढचे दोन त्या सालातल्या आठवड्याचे. सगळ्यात उशिराचा आकडा निघाला 0342. म्हणजे 2003 चा बेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. डबी त्याआधीची असूच शकत नाही, म्हणजे 2002 च्या नियमानंतरची. एफसीसी आयडी होता, तोही याच्याशी जुळला.

इकडे आपल्या रस्त्यांवर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीच्या खिडकीतून बाहेर येते ती बहुधा लेझर गन. तिचा झोत इतका बारीक असतो की डिटेक्टर ओरडेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. 2025 मध्ये वैधमापनाच्या नियमांत वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांचाही समावेश झाला. अशी यंत्रं तपासून शिक्का मारल्याशिवाय वापरायची नाहीत, 1 जुलैपासून. आता नंबर आणि शिक्का पोलिसांच्या हातातल्या यंत्रावरही शोधता येईल.

भाच्याने स्टिकरचा फोटो काढून घेतला, चारही स्क्रू परत लावले आणि डबी मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली. एक स्क्रू मात्र नंतर सोफ्याखाली सापडला.