मोठ्या आतड्यातील पॉलिपचे काढण्यापूर्वीचे परीक्षण

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ, म्हणजे पॉलिप, गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीतूनच (कोलोनोस्कोपीत) काढता येईल की शस्त्रक्रिया करावी लागेल, हे पाहून ठरवण्याची ही वैद्यकीय पद्धत आहे. गाठीला हत्यार लावण्याआधीची ही काही मिनिटे पुढच्या उपचाराची दिशा ठरवतात.

आतडे स्वच्छ नसेल तर सपाट गाठी नजरेतून सुटतात. म्हणून नागपूर-विदर्भातल्या रुग्णाला आधीचे दोन-तीन दिवस जवसाची चटणी, तीळ, पेरू आणि चोथ्यासकट संत्री वर्ज्य करावी लागतात, कारण बिया आणि चोथा दुर्बिणीची शोषणनळी तुंबवतात. पोट साफ करण्याचे औषध निम्मे आदल्या रात्री आणि निम्मे तपासणीच्या दिवशी सकाळी घेतल्यास सफाई अधिक चांगली होते.

गाठीचे माप नुसत्या अंदाजाने घेतल्यास चुकते, म्हणून ज्याची रुंदी माहीत आहे असा चिमटा किंवा तारेचा फास शेजारी उघडून ते घेतले जाते. 10 मिमीपेक्षा लहान गाठी बहुधा वीजप्रवाहाशिवाय फासाने कापतात. सपाट गाठ 20 मिमीच्या पुढे गेली की ती नेहमीच्या फासाने एकसंध निघणे कठीण होते. गाठींचे आकारावरून प्रकार पाडणाऱ्या पॅरिस वर्गीकरणानुसार गाठ देठाची, बिनदेठाची, किंचित उंच, सपाट की खोलगट, याची नोंद होते. खोलगट गाठ लहान असली तरी तिच्यात कर्करोग खोल शिरलेला असण्याची शक्यता अधिक असते.

सर्वांत बोलका असतो तो पृष्ठभाग. इंडिगो कार्माइन हा निळा रंग फवारून किंवा निळ्या-हिरव्या अरुंद पट्ट्याच्या प्रकाशात त्यावरील छिद्रांची आणि केशवाहिन्यांची नक्षी न्याहाळतात. नक्षी नियमित असेल तर गाठ बहुधा दुर्बिणीने काढण्याजोगी असते. वाहिन्या तुटक आणि नक्षी पुसट झाली असेल, तर कर्करोग अस्तराखालच्या थरात खोल उतरल्याची शंका येते. ही खोली 1 मिमीपेक्षा जास्त असल्यास लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) प्रसाराचा धोका वाढतो आणि रुग्णाला सहसा शस्त्रक्रियेकडे पाठवतात.

मोठ्या सपाट गाठीचा तुकडा घाईने बायोप्सीसाठी घेणे मात्र टाळावे. त्या जागी व्रण, म्हणजे जखम भरल्यावरचा घट्ट वण, धरतो आणि पुढे कापण्याआधी गाठ उचलण्यासाठी तिच्याखाली सलाइन टोचूनही ती उचलली जात नाही. मग न उचलण्याचे कारण कर्करोग की जुना व्रण, हे कळत नाही. गडचिरोली, भंडारा किंवा छिंदवाड्याहून रुग्ण नागपूरला पाठवताना तुकड्यापेक्षा गाठीची स्पष्ट छायाचित्रे, माप आणि जागा कळवणे अधिक उपयोगी ठरते. जागेच्या खुणेसाठी शाई टोचायची झाल्यास तीही गाठीखाली न टोचता काही सेंटीमीटर दूर टोचावी, कारण शाईनेही व्रण होतो.