‘टायमिंग चेन लाइफटाइम असते’ हे आलं कुठून? चेनची थोडी मागची गोष्ट

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्याकडे कुडाळात कुठल्याही गॅरेजला जा, गाड्यांची रांग असतेच. यंदा त्या रांगेत आमच्या घरची गाडी पण होती, ११ वर्षं जुनी, ७२ हजार किलोमीटर झालेली. सकाळी सेल्फ मारला की पहिले तीन-चार सेकंद पुढच्या बाजूने खर्रर्र असा आवाज, पत्र्याच्या डब्यात सुक्या सुपाऱ्या हलवल्यासारखा, आणि मग एकदम गप्प. मेस्त्रींनी बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "सकाळचोच आवाज येता मा? गाडी गरम झाली की जाता?" हो म्हटलं. "मगे चेनच ती."

आता घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, की अरे गाडी घेताना तर सांगितलेलं बेल्ट नाहीये, चेन आहे, कधी बदलावी लागत नाही, मग ७२ हजारात कशी गेली? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर "आजकालच्या गाड्याच तशा" असं एका वाक्यात देणं मला पटत नाही, कारण ही चेन इंजिनात आली कशी, मध्येच गेली का आणि परत आली ती कोणत्या रूपात, हे बघितलं की उत्तर आपोआप समोर येतं.

मुळात ती करते काय ते आधी. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटोने चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, त्याच पद्धतीवर आपल्या पेट्रोल-डिझेल गाड्या आजही चालतात. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकचे, पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचे, दोन फेरे, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक वॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी नाहीतर धूर बाहेर सोडणारी झडप, एकदाच उघडला पाहिजे, म्हणजे हे वॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, क्रँकच्या बरोब्बर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. म्हणून क्रँकवर लहान चक्र, कॅमवर दुप्पट दातांचं मोठं. इंजिन ३००० आरपीएमवर असताना एकेक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो, आणि त्या प्रत्येक वेळी पिस्टन कुठे आहे त्याच्याशी जुळूनच. ही जुळणी म्हणजे टायमिंग. क्रँक आणि कॅम यांना एकत्र बांधायचं कशाने हा प्रश्न तेव्हापासून आहे, आणि मुख्य उत्तरं तीनच, गिअर, चेन नाहीतर बेल्ट.

आधी गिअर आले. दाताला दात, घसरायचा प्रश्न नाही, आयुष्य भरपूर. एसटीची बस, मासळी घेऊन रात्री निघणारा ट्रक, असल्या मोठ्या डिझेल इंजिनांत आजही टायमिंगला गिअरच असतात, आणि जुन्या बुलेटलासुद्धा टायमिंगला चेन नाही, गिअरच आहेत. पण गिअर वजनदार, आवाज करणारे, आणि कॅम क्रँकपासून जितका लांब जाईल तितके मध्ये जास्त गिअर घालावे लागतात. लहान गाडीला ते परवडत नाही.

चेनचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही, कापडगिरण्यांसाठी झाला. हान्स रेनॉल्ड नावाचा स्वित्झर्लंडमधल्या आराऊचा माणूस १८७३ मध्ये मँचेस्टरला गेला, १८७९ मध्ये त्याने तिथे जवळच सॅलफर्डमध्ये चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश रोलर चेनचं पेटंट काढलं. तोपर्यंतच्या चेनीत सगळा भार बारीक पिनेवर यायचा, पिन लगेच झिजायची. रेनॉल्डने पिनेवर बुश, म्हणजे पोकळ नळी, घातलं, बुशावर फिरता रोलर, म्हणजे झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली गेली. पुढे त्याने दुसरी जात काढली, जिच्या कड्यांनाच आतून दात असतात, तिला सायलेंट चेन म्हणतात. आपल्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईत गिरणीत असायचा, त्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी झालेली वस्तू आज माझ्या गाडीत आहे हे वाचलं तेव्हा मला खरंच वेगळं वाटलं. गिरणीतून सायकलीत, सायकलीतून मोटारीत असा तिचा प्रवास, आणि आज टायमिंगला ज्या चेनी असतात त्या याच दोन जातींच्या.

आपल्या रस्त्यांवर ती आली अँबेसेडर आणि फियाटमधून. अँबेसेडरला १९५९ मध्ये १४८९ सीसीचं ओव्हरहेड वॉल्व्ह इंजिन आलं, आणि फियाट ११००, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिचं १०८९ सीसीचं. दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच, क्रँकच्या शेजारी, वॉल्व्ह मात्र वर, मध्ये लांब पुशरॉड. त्यामुळे चेन अगदी आखूड, हातात मावेल एवढी. पुढचा रेडिएटर काढा, पुली काढा, टायमिंग कव्हर उघडा, चेन समोर. ज्या काळ्यापिवळ्या पद्मिनी शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यातल्या कितीतरी चाकरमान्यांच्याच होत्या, शिमग्याला भाडं बंद ठेवून टॅक्सी गावी आणायची आणि अंगणात आंब्याखाली उभी करून तिथेच काम काढायचं, हे आमच्या वाडीत मी लहानपणी बघितलंय. चेन सैल झाली तरी इंजिन जरा सुस्त व्हायचं, वाजायचं, पण लगेच सत्यानाश होत नसे. आणि ऑइल दर काही हजार किलोमीटरला बदललं जायचंच, कारण त्या वेळचं ऑइल त्यापुढे टिकतच नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी चेन आपल्याला माहीत आहे ती ट्रॅक्सची. वडापला, लग्नाच्या वऱ्हाडाला, शाळेच्या पोरांना, सगळ्याला चालणारी टेम्पो ट्रॅक्स, तिच्यात मर्सिडीजच्या ओएम६१६ या डिझेलवरून लायसन्सखाली इथेच बनवलेलं इंजिन. यात कॅम वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, चेन लांब, पण दुहेरी, म्हणजे शेजारी शेजारी दोन ओळी. तिची चेन बदलायची एक पद्धत आहे जी आता बघायला मिळणार नाही, म्हणून सांगतो. पुढचं कव्हर उघडायचंच नाही. वरून टॅपेट कव्हर काढायचं, जुनी चेन कॅमच्या चक्रावर एका कडीत तोडायची, तिच्या टोकाला नवी चेन जोडायची आणि खाली दुसऱ्या माणसाने पान्याने क्रँक हळूहळू फिरवायचा, की जुनी एका बाजूने बाहेर येते आणि नवी दुसऱ्या बाजूने आत जाते. वरच्या माणसाने दोन्ही टोकं ताणून धरायची, एक दातसुद्धा सुटता नये, चेन आत पडली तर सगळं इंजिन उघडा. शेवटी जोडकडी रिव्हेट केली की झालं. दोन माणसं आणि तासन् तास धीर, एवढ्यावर काम व्हायचं.

मग बेल्ट का आला? कॅम वर गेला की इंजिन जास्त चांगलं श्वास घेतं, पण चेन लांब होते, लांब चेन थरथरते, म्हणून तिला धरायला गाईड लागतात, ताणायला टेन्शनर लागतो, आणि हे सगळं ऑइलमध्ये बंदिस्त करावं लागतं. खर्च वाढतो, आवाज वाढतो. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत दातेरी रबरी बेल्ट घातला, मोठ्या प्रमाणावर बनलेली तशी पहिली गाडी ती. स्वस्त, हलका, गप्प, ऑइल नको. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती ७९६ सीसीचं बेल्टवालं इंजिन घेऊन, मग झेन, एस्टीम, पुढे सँट्रो, इंडिका, सगळं बेल्टच. एक अख्खी पिढी मेस्त्रींची बेल्टवर शिकली. चेन त्या काळात आपल्या डोक्यात राहिली ती मोटरसायकलमुळे, १९८५ च्या सीडी १०० पासून आणि १९९४ च्या स्प्लेंडरपासून, "चेन वाजतेय रे तुझी" हे वाक्य इथल्या पोरांना कारच्या आधी स्प्लेंडरवर कळलं.

बेल्टची अडचण एकच पण मोठी. तो रबर आहे, त्याला मुदत आहे, गाडीप्रमाणे साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर, आणि तुटताना सहसा आवाज देत नाही. दरम्यान इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढलेलं, वॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येणारे, त्यामुळे बेल्ट तुटला की वॉल्व्ह बेंड, हेड उतरवा, खर्च हजारांतून थेट लाखाच्या दिशेने. करूळ घाट चढताना बेल्ट गेला आणि रात्रभर थंडीत बसलो असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात आहेत.

म्हणून २००० नंतर चेन परत आली. २००३ ची होंडा सिटी, युरोपात त्याच वर्षी आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल जे २००७ मध्ये स्विफ्टमधून आपल्या घराघरात गेलं, २००८ ची आय१० ची कप्पा मालिका, त्याच वर्षी ए-स्टारमधून आलेली सुझुकीची के मालिका. कारणं सरळ होती. चेन अरुंद, त्यामुळे इंजिनाची लांबी वाचते, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कॅमचा कोन अचूक राहणं आणि चालत्या इंजिनात तो मागेपुढे करणं गरजेचं झालं. आणि तिसरं म्हणजे गिऱ्हाईकाला सांगता येतं की बेल्ट बदलायचा खर्च नाही.

माझ्या मते गैरसमज इथेच सुरू झाला. सर्व्हिसच्या वेळापत्रकात बेल्टचा रकाना होता तो गेला, आणि रकाना नाही म्हणजे काम नाही असं आपण धरून चाललो. पण परत आलेली चेन ट्रॅक्समधली ती जाडजूड दुहेरी चेन नव्हती. वजन आणि घर्षण कमी करायचं म्हणून ती बहुतेक ठिकाणी एकेरी, बारीक कड्यांची, प्लॅस्टिकच्या गाईडवर घासत जाणारी, आणि ऑइलच्या प्रेशरवर चालणाऱ्या टेन्शनरच्या भरवशावर. जुन्या चेनींचा पिच, म्हणजे एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचं अंतर, बऱ्याचदा ९.५२५ मिलिमीटर असायचा, नव्यांत ८ मिलिमीटर किंवा ६.३५ असतो. पिच लहान म्हणजे तेवढ्याच लांबीत सांधे जास्त.

आणि चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश यांच्यामध्ये केसाहून बारीक झीज होते, समजा ०.०२ मिलिमीटर, आणि १३० सांधे असतील तर २.६ मिलिमीटर. एवढ्याने कॅम मागे पडायला लागतो, टेन्शनर पूर्ण बाहेर येतो, एक दिवस चेन चक्रावरचा एक दात ओलांडून सरकते. ही झीज थांबवतं ते फक्त ऑइल. बेल्ट ऑइलशिवाय चालायचा, म्हणून त्याचं वय किलोमीटरवर मोजता यायचं. चेन ऑइलमध्ये जगते, म्हणून तिचं वय ऑइलवर मोजायला हवं, आणि पद्मिनीच्या काळात जे ऑइल कमी अंतराने बदललं जायचं ते आता १० हजारांवर गेलंय.

कोकणात हे जास्त बोचतं, कारण आपल्या गाड्या चालतात कशा बघा. घर ते बाजार तीन किलोमीटर, इंजिन गरम व्हायच्या आतच बंद. थंड इंजिनात ऑइलमध्ये इंधन उतरतं, ओलावा राहतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ओलाव्याला तोटा नाही. चाकरमान्याची गाडी दोन-दोन महिने पडवीत झाकून, मग गणपती, शिमगा, मे महिना, तेव्हाच एकदम सेल्फ, टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरलेलं. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच होतात, म्हणून "अजून १० हजार झाले नाहीत" असं म्हणत तेच ऑइल दीड-दोन वर्षं. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडला तेव्हा तळाला काळा, काकवीसारखा थर. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तर गाड्यांच्या गाड्या बुडाल्या, डिपस्टिकला दुधाच्या चहासारखा रंग, अशी गाडी ज्यांनी घाईत चालू करून बघितली त्यांच्या चेन, बेअरिंग सगळ्यालाच ते पाणी लागलं.

आता कामाचं. आजच्या बहुतेक चेनी अखंड येतात, तोडून ओढायची सोय नाही, म्हणून ऑइल काढा, पुली, माउंटिंग, चेंबर, पुढचं अख्खं कव्हर, तेव्हा कुठे चेन दिसते. त्यामुळे मजुरीच जास्त, आणि एवढं उघडल्यावर नुसती चेन टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं, चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, चक्रं असं पूर्ण किटच टाकावं, मेस्त्री नको म्हणाले तरी आग्रह धरा. आमच्या मेस्त्रींनी उलट मलाच दाखवलं. जुनी चेन आणि नवी चेन गोणपाटावर शेजारी शेजारी ताणून ठेवली, एका टोकाला बरोबर जुळवली, दुसऱ्या टोकाला जुनी बोटाच्या नखाएवढी पुढे. मग दोन्ही आडव्या धरल्या, नवी काठीसारखी सरळ, जुनी सुकवलेल्या जाळ्याच्या दोरीसारखी वाकलेली. गाईडवर चेनने पाडलेली खोल चरी बोटाला लागत होती.

नव्या चेनला तीन कड्या वेगळ्या रंगाच्या होत्या, त्या चक्रांवरच्या खुणांशी जुळवून बसवल्या, टेन्शनरची पिन ओढली, तो टक् करून बाहेर आला. मग सेल्फ नाही, पुलीवर पाना लावून हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे, कुठे अडतंय का बघत. दोन फेऱ्यांनंतर चक्रांच्या खुणा परत जागेवर आल्या, रंगीत कड्या मात्र भलतीकडेच, आणि मी घाबरलो. ते म्हणाले, "त्यो नाय येवच्यो लगेच, चक्राची खूण बघ, कडयेची नको." चेनच्या कड्यांची संख्या आणि चक्राचे दात यांचा हिशेब जुळून त्या पुन्हा समोर यायला कितीतरी फेरे लागतात.

कव्हरला सिलिकॉन लावून रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नवं ऑइल, नवा फिल्टर. सेल्फ मारला तेव्हा पहिली दोन सेकंदं वाजलं, नव्या टेन्शनरमध्ये ऑइल भरेपर्यंत. त्यानंतर बाहेरच्या पावसाचाच आवाज होता. मेस्त्रींनी सर्व्हिसचा स्टिकर चिकटवला, त्यावर किलोमीटरच्या खाली तारीख लिहिली, बरोबर सहा महिन्यांनंतरची, आणि तिच्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढली.