अभिलेखित डेटाबेस नोंदींसाठी साठवण माध्यम

अभिलेखित डेटाबेस नोंदींसाठी साठवण माध्यम : ज्या नोंदींत यापुढे बदल होणार नाही, पण कायदा, लेखापरीक्षण किंवा संशोधन यांसाठी ज्या जपून ठेवणे भाग आहे, त्या कोणत्या भौतिक माध्यमावर ठेवाव्यात याची निवड. मिटलेली कर्जखाती, निकाली निघालेले विमा दावे, जुनी हवामान निरीक्षणे ही अशा नोंदींची उदाहरणे होत.

चालू डेटाबेससाठी लिहिण्याचा वेग आणि वारंवार लिहिणे सोसण्याची क्षमता हे माध्यमाचे पहिले निकष असतात. नोंदी गोठल्या की ते मागे पडतात, आणि एरवी नाकारली जाणारी माध्यमे योग्य ठरू लागतात. शिंगल्ड प्रकारच्या हार्ड डिस्कवर शेजारचे ट्रॅक (मजकुराच्या वर्तुळाकार रेषा) एकमेकांवर अंशतः चढवलेले असल्याने थोडासा मजकूर बदलण्यासाठीही आजूबाजूचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. एकदाच सलग लिहून पुढे फक्त वाचायचे असेल, तर ही अडचण उद्भवत नाही. एका पेशीत चार बिट साठवणारी क्यूएलसी फ्लॅश स्मृती पुनर्लेखनाने लवकर झिजते, मात्र वाचनासाठी ती पुरेशी वेगवान असते. रेड ५ रचनेत मजकूर आणि बिघाडानंतर तो परत मिळवून देणारी पूरक माहिती, म्हणजे पॅरिटी, अनेक डिस्कवर विखुरलेली असते; त्यामुळे प्रत्येक छोट्या बदलासाठी जुना मजकूर आणि जुनी पॅरिटी आधी वाचावी लागते. वाचनाला हा भुर्दंड पडत नाही.

त्यामुळे निवडीचा खरा आधार ‘कोण, किती वेळा आणि कशा प्रकारे वाचणार’ हाच असायला हवा. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा प्रति टेराबाइट खर्च आधी पाहिला जातो. एका खात्याची जुनी नोंद शोधताना डेटाबेस निर्देशांकाच्या (शोधसूचीच्या) झाडासारख्या रचनेतून तीन-चार पायऱ्या उतरतो आणि प्रत्येक पायरी माध्यमावरच्या वेगळ्या ठिकाणी असते. फिरत्या डिस्कवर अशा एका उडीला साधारण १० मिलिसेकंद लागतात. चुंबकीय टेपवर मात्र योग्य जागी पोहोचण्यासाठी फीत गुंडाळत न्यावी लागते, आणि त्यात एक मिनिटही सहज जाते. म्हणून थेट शोध घ्यायचे तक्ते टेपवर ठेवता येत नाहीत. नोंदी वर्षवार किंवा खातेगटवार फायलींत काढून टेपवर ठेवाव्यात आणि कोणती नोंद कोणत्या फायलीत आहे, याची सूची डिस्कवर ठेवावी, हाच व्यवहार्य मार्ग आहे. एकदा फाईल सापडली की टेप ती सलग वाचण्यात डिस्कच्या तोडीची असते.

एसएसडी, म्हणजे फ्लॅश स्मृतीचे साठवण साधन, मजकूर कायम टिकवते हा गैरसमज घातक ठरू शकतो. त्यात हलणारे भाग नसले, तरी मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार हळूहळू गळतो. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या सर्व्हर वर्गातील एसएसडीने विजेविना ४० अंश सेल्सिअसला तीन महिने मजकूर टिकवला, तरी ती उत्तीर्ण ठरते. कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच अधिक टिकते. तरीही वीज काढून कपाटात ठेवण्याचे हे माध्यम नव्हे.

टेपची बाजू येथे बळकट आहे. एलटीओ या चुंबकीय टेपच्या मानकाची पहिली पिढी २००० मध्ये आली, तेव्हा एका कार्ट्रिजवर (फितीच्या डबीवर) १०० गिगाबाइट मजकूर मावत असे. नवव्या पिढीत ही क्षमता १८ टेराबाइट झाली. तापमान आणि आर्द्रता नियंत्रित असल्यास कार्ट्रिज सुमारे ३० वर्षे टिकते, असे उत्पादक सांगतात. पण कार्ट्रिज टिकले, तरी ते वाचणारा ड्राइव्ह हाताशी असायला हवा. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांची कार्ट्रिजे वाचत. आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी वाचतो. म्हणजे मजकूर ठरावीक वर्षांनी नव्या कार्ट्रिजवर उतरवण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

माध्यमाइतकेच महत्त्व मजकुराच्या स्वरूपाला आहे. एखाद्या विशिष्ट डेटाबेस प्रणालीचा बॅकअप उघडायला तीच प्रणाली, अनेकदा तीच आवृत्ती लागते. या अडचणीवर उपाय म्हणून स्वित्झर्लंडच्या संघीय अभिलेखागाराने सिआर्ड हे खुले स्वरूप विकसित केले. त्यात तक्ते, त्यांची रचना आणि परस्परसंबंध एक्सएमएल या खुल्या मजकूर-स्वरूपात साठवले जातात. प्रत्येक फायलीचा चेकसम (तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा अंक) वेगळा ठेवून ठरावीक काळाने तो पडताळावा लागतो, कारण न वाचलेल्या मजकुरातील बिघाड आपोआप उघड होत नाही. बिघडलेल्या फायलीच्या जागी घालायला दुसरी प्रत, तीही शक्यतो वेगळ्या ठिकाणी, हवीच.

नोंदींत कोणी फेरफार केलेला नाही याची खात्री हवी असेल, तेथे एकदाच लिहिता येणारी वर्म कार्ट्रिजे वापरतात. एलटीओमध्ये ती तिसऱ्या पिढीपासून मिळतात. त्यांवरील एकच नोंद पुसता येत नाही, आणि व्यक्तिगत माहिती मुदतीनंतर नष्ट करण्याचे बंधन असेल, तर हाच गुण अडचणीचा ठरतो. अशा वेळी एकाच वर्षी मुदत संपणाऱ्या नोंदी एका कार्ट्रिजवर ठेवून ते मुदतीअखेर नष्ट करतात, किंवा प्रत्येक गट स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करून ती किल्ली नष्ट करतात, म्हणजे तो गट पुन्हा वाचता येत नाही.