काचघरातलं फूल सोलापुरात

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हा सोलापुरात झेंडू, शेवंती, निशिगंधाला उसंत नसते. कार्नेशन त्या हारांत नसतं. ते दिसतं लग्नाच्या स्टेजवर आणि बुकेत, आणि तेही बाहेरून आलेलं. राज्यातलं पॉलिहाऊसचं कार्नेशन मुख्यतः पुण्याकडचं.

असं का, याचं उत्तर या फुलाच्या इतिहासात आहे. मूळ झाड भूमध्य समुद्राकाठचं, पाच पाकळ्यांचं. युरोपातल्या माळ्यांनी निवड करत ते भरगच्च केलं. 1717 मध्ये लंडनच्या थॉमस फेअरचाइल्डने त्यावर स्वीट विल्यम या त्याच्याच भाऊबंद फुलाचे पराग टाकून संकर केला. माणसाने हाताने घडवलेला वनस्पतींचा पहिला संकर म्हणून तो ओळखला जातो. पण धंद्याला वळण दिलं फ्रान्समधल्या लिआँच्या दाल्मे या माळ्याने. 1840 च्या सुमारास त्याने बारमाही फुलणारी रोपं तयार केली आणि फूल अंगणातून काचघरात गेलं. पुढे 1938-39 च्या सुमारास अमेरिकेत ‘विल्यम सिम’ हा लाल वाण आला. त्याच्याच फांद्यांवर आपसूक पांढरी, गुलाबी फुलं निघाली आणि जगभरच्या काचघरांत हेच घराणं पसरलं.

म्हणजे बाजारातलं कार्नेशन थंड, आवरलेल्या हवेसाठीच घडलेलं. सोलापूरचा मे चाळिशी सहज ओलांडतो. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मर रोगाचं फावतं. म्हणून पॉलिहाऊसवाले लाल मातीचे गादीवाफे करतात. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की फुलाचा हिरवा पेला एका बाजूने फाटतो, पाकळ्या बाहेर लोंबतात आणि माल दुय्यम ठरतो.

हौशी माणसाला मात्र एक वाट आहे, तीही जुनीच. फ्रान्समधल्याच तुलाँ शहरातल्या शाबो नावाच्या माणसाने बियांपासून एकाच हंगामात फुलणारी जात काढली होती. शाबो किंवा मार्गरिट जातीचं बी पाऊस ओसरला की ट्रेमध्ये टाकावं, रोपं वीतभर झाली की शेंडा खुडावा. एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं तर बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच काढाव्यात. मी काढत नाही. कुंडीत लहान फुलांचा घोसच बरा दिसतो. लवंगेसारखा वास बुकेतल्या फुलांना बहुधा नसतोच, तो इथे मिळतो.

एप्रिल लागला की रोप वाचवायच्या फंदात पडू नये. उपटावं आणि त्याच कुंडीत सदाफुली लावावी.