अंग चोरणं वेगळं, ताळमेळ चुकणं वेगळं

ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा अंतिम अहवाल, बाइंडिंगला टाकायची तारीख जवळ आली की कॉलेजच्या कँटीनमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : "आमच्या गटातला अमुक जण कामच करत नाही." कधी ते खरं असतं. पण बरेचदा त्या अमुक जणाने काम केलेलं असतं, ते बाकीच्यांच्या कामाशी जुळत नाही एवढंच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं : माणसं चार आणि काम दोघांपुरतं. उपाय मात्र निराळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर दुखणं वाढतं.

हा फरक संशोधकांनाही वेगळा काढावा लागला. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्म्यावर आला होता. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, हे त्याला मुख्य कारण वाटलं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना डोळे बांधून, कानांना हेडफोन लावून ओरडायला सांगितलं. 'आणखी पाच जण तुझ्याबरोबर ओरडताहेत' असं सांगितलं, प्रत्यक्षात तो एकटाच होता. म्हणजे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. तरी आवाज, आपण एकटेच ओरडतोय हे ठाऊक असतानाच्या तीन-चतुर्थांशावर आला. खरोखर सहा जण एकत्र ओरडले तेव्हा तो माणशी एक-तृतीयांशाच्या जरा वर उरला. दोन्ही गळत्या खऱ्या आहेत, आणि त्या एकावर एक चढतात.

आता चार जणांचा गट वस्तीतल्या पाणीवापराचं सर्वेक्षण करतोय असं धरू. प्रत्येकाकडे पंचवीस घरं. एकीने लिटरमध्ये लिहिलं, दुसऱ्याने हंड्यांत. तिसरीने रोजचा वापर विचारला, चौथ्याने आठवड्याचा. शंभर फॉर्म भरले, पण त्यांचं एक कोष्टक होत नाही. इथे कुणीही अंग चोरलेलं नाही. अशा गटाला 'प्रत्येकाने आपापला भाग नावानिशी द्या' असं बजावलं तर ते आणखीच सुटे होतील. त्यांना हवी होती वाटणीच्या आधीची एक बैठक : पहिली पाच घरं चौघांनी मिळून करायची, एकक ठरवायचं, उत्तरं कशी नोंदवायची ते एका शीटवर लिहायचं. एवढी एक दुपार वाचवणारे गट शेवटी रात्री जागतात.

अंग चोरण्याला मात्र नावानिशी जबाबदारीच लागते. सगळ्यांना सारखेच गुण मिळणार आणि कुणाचं काय ते दिसणार नाही, अशी व्यवस्था असेल तर चांगला विद्यार्थीही सैल पडतो. त्याच्या स्वभावाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. गाईडने रिव्ह्यूला प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न विचारले, तर बराच फरक पडतो.

ओळखायचं कसं? 'या आठवड्यात काय केलंस?' असं विचारा. उत्तर मोघम आलं तर अंग चोरणं. ते नीट तपशीलवार आलं, फाइलही उघडून दाखवली, तरी ती इतरांच्या फाइलला जोडता येत नसेल, तर ताळमेळ चुकणं. आणि एक हुशार मुलगी सगळं एकटीच पुन्हा लिहून काढत असेल तर सावध व्हा : सुरुवात बहुधा ताळमेळापासून झालेली असते. न जुळणारं काम तिने बाजूला ठेवलं, आणि आपलं काम वापरलंच जात नाही हे पाहून बाकीच्यांनी हात आखडले.