अपडेटनंतर संगणक सुरू न होणे

ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट बसल्यानंतर घरगुती संगणक पुन्हा डेस्कटॉपपर्यंत न पोहोचणे, त्यामागची कारणे आणि त्यावरची दुरुस्ती यांचा विचार या नोंदीत केला आहे. सांगली-मिरज परिसरात ही तक्रार 'कॉम्प्युटर लोगोवरच अडकलाय', 'विंडो उडाली' किंवा नुसते 'डिस्प्लेच येईना' अशा शब्दांत दुकानात येते आणि तिच्यावरचा सर्वांत रुळलेला उपाय 'फॉरमॅट मारणे', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे, हा असतो. ऐकायला या तिन्ही तक्रारी एकच वाटतात, पण त्या संगणक सुरू होण्याच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत आणि फॉरमॅटची खरी गरज त्यांपैकी फार थोड्या वेळा असते. बहुधा बिघाड मोजक्या सिस्टीम फाइलींत असतो; घरातले फोटो, हिशेब आणि पत्रे डिस्कवर जागच्या जागी असतात. म्हणून ज्या उपायातून मागे फिरता येते तो आधी आणि ज्यातून मागे फिरता येत नाही तो सर्वांत शेवटी, हाच दुरुस्तीचा क्रम धरावा लागतो.

सुरू होण्याचे टप्पे

बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कायम बसवलेले सॉफ्टवेअर, जागे होते. जुन्या यंत्रांत ते बायॉस असते, तर नव्या यंत्रांत यूईएफआय. ते रॅम, कीबोर्ड व डिस्क यांची झटपट तपासणी करते आणि मगच पडद्यावर कंपनीचा लोगो येतो. त्यानंतर यूईएफआय डिस्कवरील एका लहानशा स्वतंत्र भागातून, जो बऱ्याचदा अवघा 100 मेगाबाइटचा असतो, विंडोजचा बूट मॅनेजर उचलते. हा विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम कर्नल (विंडोजचा गाभा) आणि अगदी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) स्मृतीत आणतो. आणि शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो. लोगोच आला नाही तर विंडोजपर्यंत गाडी पोहोचलेलीच नसते, आणि तिथे विंडोजला दोष देण्यात अर्थ नसतो. लोगोखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहिले किंवा निळा पडदा आला, तर मात्र संशय कर्नल, ड्रायव्हर किंवा अर्धवट बसलेल्या अपडेटवर जातो.

मायक्रोसॉफ्ट 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट प्रसिद्ध करते; भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असल्याने इथल्या घरांत ते बुधवारपासून उतरू लागते. विंडोज चालू असताना ज्या फाइली वापरात असतात त्या बदलता येत नाहीत, म्हणून त्यांची नवी प्रत बाजूला तयार ठेवून प्रत्यक्ष अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी केली जाते. पडद्यावर टक्केवारी वाढत असते आणि 'संगणक बंद करू नका' अशी सूचना दिसत असते, तो हाच काळ. जुने काढले आहे आणि नवे पुरते बसलेले नाही, अशा या वेळी वीज गेली तर बहुतेक वेळा विंडोज स्वतःच बदल मागे घेते. क्वचित तिला तेही साधत नाही.

'नंतर' आणि 'मुळे'

अपडेटनंतर बिघडलेला प्रत्येक संगणक अपडेटमुळे बिघडलेला नसतो. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि पुष्कळ संगणकांत ती मुळातच चालू असते. तिच्यामुळे 'शट डाउन' केले तरी कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. परिणामी घरचा संगणक रोज रात्री बंद होत असला तरी कित्येक आठवडे नव्याने सुरू झालेलाच नसतो, आणि अपडेटने मागितलेला रीस्टार्ट हीच त्याची बऱ्याच दिवसांतली पहिली खरी परीक्षा ठरते. तोवर झाकून राहिलेले दोष, म्हणजे डिस्कवरील खराब झालेले भाग, सैल रॅम, मागच्या महिन्यात बसवलेला चुकीचा ड्रायव्हर, त्याच दिवशी उघडे पडतात आणि आळ अपडेटवर येतो.

मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या बॅटरीचे प्रकरणही असेच आहे. ती उतरली की मुख्य वीज बंद होताच फर्मवेअर आपल्या जुळण्या (सेटिंग्ज) विसरते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि डिस्कशी बोलण्याची पद्धत कारखान्यातल्या मूळ स्थितीवर येते. विंडोज ज्या पद्धतीने बसवली होती ती ही नसेल तर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो. दुकानात अशा वेळी हार्डडिस्क गेल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात बॅटरी बदलून फर्मवेअरमधील ती एक जुळणी पूर्ववत केली की काम भागते. फर्मवेअरमध्ये दिसणारी तारीख सर्वांत आधी पाहावी, असे सुचवावेसे वाटते ते यासाठी.

वीज हा तिसरा घटक. पावसाळ्यात लाइट जाण्या-येण्याचा खेळ या भागाला नवा नाही. घरगुती यूपीएसमध्ये साधारणतः 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एक बॅटरी असते आणि ती नवी असताना डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे तग देते. दोन-तीन वर्षांनी मात्र तिच्यात संगणक नीट बंद करण्यापुरतेही बळ उरत नाही. विंडोजची आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तास-दोन तास घेते, हे लक्षात घेतले तर यूपीएसच्या भरवशावर ते सुरू करणे जोखमीचे आहे हे कळते. फर्मवेअरच्या अपडेटमध्ये वीज गेल्यास तर काही मदरबोर्ड कायमचे निकामी होतात.

निदान

पहिला उपाय थांबण्याचा आहे. टक्केवारी एकाच आकड्यावर दिसत असली तरी कॅबिनेटवरील हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजून दोन तास तरी यंत्राला हात लावू नये. दिवा बराच वेळ विझलेला किंवा अखंड पेटलेला राहिला, तरच बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे. त्यानंतर पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क असे सगळे काढून केवळ कीबोर्ड, माउस व मॉनिटर ठेवून पुन्हा सुरू करावे. विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट होऊ पाहणारे संगणक वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. लोगोच येत नसेल तर वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसावे व खाच जुळवून पक्की बसवावी. हा मेकॅनिकांचा उपाय गावठी वाटला तरी दमट हवेत गंजाळलेल्या जोडणीवर गुणकारी आहे.

लोगो येतो पण विंडोज येत नाही, तेव्हा विंडोजची दुरुस्तीसाठीची वेगळी व्यवस्था, रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, उपयोगी पडते. सलग दोनदा सुरुवात फसली की तिसऱ्या वेळी विंडोज आपोआप तिच्यात शिरते. तिथे 'ट्रबलशूट' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' यांखाली असलेल्या पर्यायांत 'स्टार्टअप रिपेअर' सर्वांत निरुपद्रवी आहे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय शेवटचे मासिक अपडेट किंवा शेवटचे आवृत्ती-बदल काढून टाकतो. आवृत्ती-बदल मागे घेण्याची मुदत मात्र मूळ जुळणीनुसार दहाच दिवसांची असते, कारण त्यानंतर जुन्या विंडोजची जपून ठेवलेली प्रत पुसली जाते. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून 4 हा आकडा दाबून सेफ मोडमध्ये गेल्यास मोजक्या ड्रायव्हरांवर विंडोज उभी राहते. ती तशी उभी राहिली तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा आहे, असा निष्कर्ष काढता येतो. संगणकाला पूर्वी जपून ठेवलेल्या अवस्थेत नेणारे 'सिस्टीम रिस्टोअर' उत्तम आहे, पण अनेक संगणकांत ते बंदच असल्यामुळे ऐन वेळी रिस्टोअर पॉइंट सापडत नाही.

तासगावकडील एका द्राक्षबागायतदाराच्या घरचा संगणक उदाहरणादाखल घेता येईल. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या नोंदी त्याच्यावर होत्या, आणि माल निर्यातीला द्यायचा तर त्या हाताशी असाव्याच लागतात. अपडेट बसत असताना पहाटे लाइट गेली आणि त्यानंतर ठिपके फिरण्यापलीकडे काही होईना. स्टार्टअप रिपेअर अपुरे पडले. अपडेट काढायला गेले तर आधीचे काम अर्धवट असल्याने तेही निघेना. तेव्हा आज्ञा टाइप करण्याचा पडदा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून आधी डिस्कची अक्षरे तपासली गेली. रिकव्हरीमध्ये नेहमीचा सी ड्राइव्ह पुष्कळदा डी किंवा ई म्हणून दिसतो. ज्यात 'विंडोज' आणि 'यूझर्स' हे दोन्ही फोल्डर दिसतील तो आपला. मग तिथेच 'नोटपॅड' असे टाइप करून नोटपॅड उघडले, फाइल उघडण्याच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडले आणि त्याच चौकटीतून फवारणीच्या नोंदींचे फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर उतरवले. ही युक्ती ठाऊक असेल तर दुरुस्तीतली अर्धी धाकधूक जाते. त्यानंतर 'डिझम' या आज्ञेने अर्धवट राहिलेली कामे मागे घेण्यास सांगितले गेले आणि पुढच्या रीस्टार्टला पासवर्डचा पडदा आला.

'डिझम'खेरीज डिस्क तपासणारी 'चेकडिस्क', सिस्टीम फाइली पडताळणारी 'एसएफसी' आणि बूट फाइली नव्याने लिहिणारी 'बीसीडीबूट' या आज्ञाही इथूनच चालतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर चेकडिस्क चालवू नये. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून तासन्‌तास वाचन करून घेणे म्हणजे उरलासुरला डेटाही गमावणे होय.

बिटलॉकरची किल्ली

नव्या लॅपटॉपांत वेगळीच अडचण उभी राहते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक यंत्रांत बिटलॉकर या सोयीने डिस्क आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि फर्मवेअर किंवा बूट मॅनेजर बदलला की यंत्र संशयाने 48 अंकी रिकव्हरी किल्ली मागते. जुलै 2024 च्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांनी अशी किल्ली मागितली होती. ती किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते व मोबाइलवरून पाहता येते. पण ते खाते दुकानदाराने खरेदीच्या दिवशी स्वतःच्या ई-मेलने उघडून दिलेले असले, तर शोध दुकानापासूनच सुरू करावा लागतो. किल्ली नसेल तर डेटा परत मिळवण्याचा कोणताही आडमार्ग नाही.

अपडेटच दोषी असल्याचे प्रसंग

असे प्रसंगही नोंदले गेले आहेत. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटींवरच्या अपडेटने काही जुने एएमडी संगणक सुरू होईनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टला त्यांच्यासाठी ते थांबवावे लागले. ऑगस्ट 2024 च्या अपडेटने विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेल्या काही यंत्रांत लिनक्सची वाट बंद केली. 19 जुलै 2024 रोजी जगभर विमानतळ व बँका अडल्या, तो दोष मात्र विंडोजच्या अपडेटचा नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने सुमारे 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकवले होते. क्राउडस्ट्राइकचे सॉफ्टवेअर मुख्यतः उद्योग-संस्थांसाठी असल्याने घरगुती संगणक त्यातून सुटले. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे एवढाच त्यावर उपाय होता, पण तो बऱ्याच ठिकाणी यंत्रागणिक हाताने करावा लागला. या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये विंडोज 11 साठी अशी सोय आणली की, सुरू न होणारे यंत्र रिकव्हरीतूनच इंटरनेटला जोडले जाऊन दुरुस्ती शोधते.

लिनक्समध्ये हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. उबंटूसारख्या प्रणाली जुना कर्नल ठेवूनच नवा बसवतात, त्यामुळे सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रब या बूट मॅनेजरच्या यादीतून मागचा कर्नल निवडला की संगणक बहुधा सुरू होतो.

फॉरमॅट

वरील सर्व करूनही संगणक उभा राहिला नाही तर विंडोज नव्याने बसवावी लागते. 'रिसेट धिस पीसी' यात 'कीप माय फाइल्स' निवडल्यास वैयक्तिक फाइली राहतात, बसवलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. मराठी घरांत आणि छोट्या छापखान्यांत याची झळ बाहेरच्या कोणाला वाटेल त्याहून अधिक बसते. पत्रिका, हँडबिले आणि मंडळांचे अहवाल पुष्कळदा युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतापूर्वीच्या काळातील फॉन्टांत आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असतात. ते फॉन्ट गेले की फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. श्रीलिपीसारख्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रतींना लागणाऱ्या डोंगलचा (संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीचा) ड्रायव्हरही नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. त्यामुळे फॉरमॅटपूर्वी डेटाबरोबर विंडोजमधील फॉन्ट फोल्डर उतरवून घेणे आवश्यक आहे, आणि हीच गोष्ट दुकानात हमखास राहून जाते. टॅलीच्या डेटाचे फोल्डरही अनेकदा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसते. हळदीच्या अडतीचे हिशेब त्यात असतील तर त्याची जागा आधीच विचारून घ्यावी.

विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे जुन्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या यंत्रविषयक अटी चुकवून विंडोज 11 बसवून देण्याचे प्रमाण वाढले आहे. या यंत्रांत एक अडचण अशी आहे की तिला दुरुस्ती नाही. विंडोज 11 च्या 2024 मधील आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट व एसएसई 4.2 या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) असणे बंधनकारक झाले. ज्या फार जुन्या प्रोसेसरांत त्या नाहीत, त्यांच्यावर ती आवृत्ती सुरूच होत नाही. तिथे मागची आवृत्ती परत बसवणे किंवा लिनक्सकडे वळणे हेच दोन मार्ग राहतात.